आधी माफी, मग कारण

“आमची केतकी? दादागिरी? अरे, ती दारात झोपलेल्या मांजराला ‘सरक’ म्हणत नाही, वळसा घालून जाते.”

मम्मी फोनवर बोलत होती आणि मी बाहेर पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होते. सिडकोतल्या आमच्या रो-हाउसची पुढची खोली इतकी लहान की आतलं बोलणं पायरीवर आणि पायरीवरचं बोलणं शेजारी आपोआप पोचायचं. मम्मी घरी फॉल-पिकोची कामं घ्यायची. दिवसभर मशीनची घरघर चालू असायची आणि त्या घरघरीच्या वरच्या पट्टीत बोलायची घरातल्या सगळ्यांना सवय होती, म्हणजे मला सोडून सगळ्यांना. मशीन थांबलं की समजायचं, काहीतरी मोठं घडलंय. आत्ता मशीन थांबलेलं होतं. पलीकडे विंचूरचा मामा होता, कारण त्याचा आवाज फोन कानाला लावलेला असतानासुद्धा स्पीकरवर टाकल्यासारखा ऐकू यायचा. “खरं का खोटं, ताई?” तो विचारत होता. “अरे, शाळेच्या ॲपवर आलंय. इंग्रजीत आहे, पण एवढं तर मला कळतं. बुलिंग म्हणजे दादागिरी. खाली हिचं नाव. शनिवारी आम्हाला दोघांना बोलावलंय. आता वाईट तर वाटणारच ना रे. पण...” आणि त्या ‘पण’नंतर मम्मी हसली. पोरगी वर्गात पहिली आल्यावर बायका ‘तसं काही विशेष नाही हो’ म्हणताना हसतात ना, अगदी तसं.

हे हसू समजायचं तर माझ्या न बोलण्याचा इतिहास थोडा सांगायला हवा. मी मुकी नव्हते. मला सगळं बोलता यायचं, दोन भाषांत यायचं, पण ते तोंडापर्यंत येताना वाटेत कुठेतरी बसून राहायचं. लहानपणी मला वेखंड उगाळून चाटवलं, वक्तृत्व स्पर्धेला घातलं, तिथे मी स्टेजवर टिळकांसारखी पगडी घालून उभी राहिले आणि टिळकांसारखीच फोटोतल्याइतकी गप्प राहिले. लग्नाकार्यात बायका मम्मीला हळूच विचारायच्या, “हिला ऐकू येतं ना?” मम्मी म्हणायची, “येतं हो, सगळं येतं.” घरी आल्यावर ती मशीन नेहमीपेक्षा जोरात चालवायची. त्यामुळे आपल्या मुलीनं कुणाला तरी दम दिला, कुणाला तरी रडवलं, निदान तोंड तरी उघडलं, ही बातमी तिला कितीही प्रयत्न करून पूर्णपणे वाईट वाटत नव्हती.

नोटीस मी शाळेतच, कॉम्प्युटर लॅबमध्ये वाचली होती आणि पहिल्या ओळीतल्या तारखेवरून मला कळलं होतं की हे भूगोलाच्या तासाचं आहे. त्यासाठी अजून थोडं मागे जावं लागेल. शाळा मोबाइलवर भरत होती तेव्हा मी फार सुखात होते. कॅमेरा बंद, समोर भिंत, मांडीवर शेंगदाण्यांची वाटी. फक्त हजेरीच्या वेळी अडचण यायची. मी ‘प्रेझेंट मिस’ म्हणायचे आणि मिस म्हणायच्या, “केतकी, यू आर ऑन म्यूट.” मी म्यूटवर नसायचे. माइक चालू असायचा. माझा आवाजच तेवढा होता. पुढे शाळा उघडली, आम्ही सगळे खरोखर बाकांवर येऊन बसलो, मिसनी हजेरी घेतली, मी ‘प्रेझेंट’ म्हटलं आणि मागच्या बाकावरून तनिष्का गोड आवाजात म्हणाली, “केतकी, यू आर ऑन म्यूट.” वर्ग हसला. मिसही हसल्या. मीसुद्धा हसले, कारण पहिल्यांदा ते खरंच मजेशीर होतं. मजा अशी की त्यानंतर ते थांबलंच नाही. मी उत्तर द्यायला उभी राहिले की तेच, कुणाकडे पट्टी मागितली की तेच, शिंकले तरी तेच. हळूहळू सगळ्यांना ते पाठ झालं आणि मी तोंड उघडण्याच्या आधीच कोणीतरी म्हणून टाकायला लागलं. नववीपर्यंत मी हात वर करणं सोडलं, तोंडी परीक्षेत मला येणाऱ्या प्रश्नांना ‘येत नाही’ अशी मान हलवायला लागले आणि डबा अर्धा खाऊन बंद करायला लागले, कारण खातानाही तोंड उघडावं लागतं. आता नोकरीत रोजच्या मीटिंगमध्ये हे वाक्य कोणी ना कोणी कुणाला तरी म्हणतंच. निष्पाप वाक्य आहे. तरी ते ऐकलं की आजही माझे दोन्ही कान गरम होतात.

नववीच्या वर्षी शाळेनं बुलिंगविरुद्ध नियमावली आणली. गुळगुळीत, परदेशातून आल्यासारखी वाटणारी, बरीच पानं. तिच्यासोबत शाल्मली मिस नावाच्या समुपदेशक आल्या. मऊ आवाजाच्या, कानात मोठे लाकडी डूल घालणाऱ्या. त्या निरीक्षण करायला म्हणून भूगोलाच्या तासाला मागे येऊन बसल्या आणि नेमकं त्याच तासाला मला खरीप आणि रब्बीतला फरक विचारला गेला. मी उभी राहिले, मागून वाक्य आलं, वर्ग हसला, मी बसले. शाल्मली मिसचे डूल हलायचे थांबले, एवढंच मी पाहिलं. पुढच्या आठवड्यात नोटीस.

घरी पत्र, मेसेज, गॅसची सूचना काहीही इंग्रजीत आलं की ते वाचायचं काम माझं. म्हणून मी ती अख्खी नियमावली वाचली, आणि वर्गात ती वाचलेली मी बहुधा एकटीच. त्यात एक नियम फार विचारपूर्वक केलेला होता. कुठल्याही मुलावर ‘छळणारा’ किंवा ‘छळ झालेला’ असा शिक्का बसू नये, म्हणून नोटिशीत कोणी केलं आणि कोणाला झालं हे लिहायचंच नाही. दोन्ही मुलांच्या घरी एकच मजकूर जाणार: आपला पाल्य बुलिंगच्या एका घटनेशी संबंधित आहे, कृपया भेटावं. बैठकीतही शिक्षकांनी बोट दाखवायचं नाही. काय घडलं ते मुलानं स्वतः, स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मी हे पुन्हा वाचलं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या मदतीसाठी केलेल्या नियमावलीची पहिली अट बोलण्याची होती.

आणि मग मला आणखी एक कलम सापडलं. बुलिंगच्या प्रकारांत लिहिलं होतं की एखाद्या सहाध्यायाशी सातत्यानं न बोलणं, त्याला उत्तर न देणं, त्याच्यापासून दूर राहणं हेही बुलिंगच. मी वाचता वाचता थंड पडले. सातत्यानं न बोलणं? मी तर अख्ख्या वर्गाशी सातत्यानं बोलत नव्हते. त्या व्याख्येनं पाहिलं तर आमच्या शाळेत माझ्याइतकी पद्धतशीर दादागिरी कोणीच करत नव्हतं. मम्मीचं फोनवरचं बोलणं ऐकत मी पायरीवर बसले होते तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं की कदाचित हिचंच बरोबर असेल.

पप्पा अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये होते. गाड्यांच्या ब्रेकचे भाग तिथे बनायचे आणि पप्पांचं काम ते तपासायचं. त्यांच्या खात्याचा एक नियम होता आणि तो त्यांनी कंपनीच्या बसमधून उतरून थेट आमच्या घरात आणला होता. ग्राहकाची तक्रार आली की आधी माफी, मग कारण. माल आपला नव्हताच, असं पहिल्या दिवशी कधी म्हणायचं नाही. मान्य करायचं, खेद व्यक्त करायचा, मग शांतपणे शोधत बसायचं. एकदा तर म्हणे त्यांनी दुसऱ्याच कंपनीच्या खराब मालाबद्दल माफी मागून टाकली होती आणि ग्राहक इतका खूश झाला की पुढची ऑर्डर वाढवून दिली. ही गोष्ट पप्पा पाहुण्यांना हमखास सांगायचे. त्यामुळे फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर, हातपाय धुऊन, मोबाइल लांब धरून नोटीस पाहिली तेव्हा त्यांच्या मनात ‘आपली मुलगी कुठल्या बाजूची’ हा प्रश्न आलाच नाही. तक्रार आली होती. म्हणजे माल आपला.

रात्री काळ्या मसाल्याची आमटी आणि बाजरीची भाकरी होती. पप्पांनी भाकरी चुरली आणि चौकशी सुरू केली. कंपनीत बिघाडाचं मूळ शोधायला एकापाठोपाठ एक पाच वेळा ‘का’ विचारतात. मी उत्तर देणार नाही हे माहीत असल्यानं उत्तरंही तेच देत होते.

“का केलं? तर राग आला म्हणून. राग का आला? मनात साठला म्हणून. का साठला? तर ही बोलत नाही म्हणून. आता का बोलत नाही?” असं म्हणून त्यांनी मम्मीकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय? आमच्याकडं सगळे बोलतात. विंचूरच्या मार्केटात जाऊन बघा, माझा भाऊ बोलायला लागला की कांद्याचा लिलाव थांबतो. तुमच्या आत्याबाई आठवा. लग्नात उखाणा घेईनात म्हणून वरात अडली होती.”

अशा रीतीनं पाचव्या ‘का’ला बिघाडाचं मूळ पप्पांच्या दिवंगत आत्यापाशी सापडलं आणि पुढची कारवाई खुंटली. मी तेवढ्यात धीर करून, आमटीच्या वाटीत बघत म्हणाले, “पप्पा, त्यात असं आहे की कोणी केलं हे ते लिहीतच नाहीत.”

पप्पांचा घास थांबला. “लिहीत नाहीत?” मग त्यांचे डोळे भरून आल्यासारखे झाले. “बघ. एवढं होऊन शाळेनं आपली लाज राखली. चांगली माणसं आहेत.”

मी आमटी संपवली.

पुढचे काही दिवस घरात माझं वजन वाढलं. मम्मी मला विचारून भाजी ठरवायला लागली. “गिलकं करू का? नाही, तुला नको असेल तर नको,” आणि माझ्या चेहऱ्याकडे असं बघायची जसं शेजारीण सासूच्या चेहऱ्याकडे बघते. पप्पांनी टीव्हीचा रिमोट आपणहून माझ्या बाजूला सरकवला. शुक्रवारी मामा कांद्याची गोणी घेऊन आला, गोणी दारात टाकली आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, “भाचीबाई! लय भारी. पण एक ध्यानात ठेव, हात नाय उचलायचा. नुसता दम द्यायचा. माझं मार्केटात सगळं दमावरच चाललंय.”

“तू अजून शिकव तिला,” मम्मी म्हणाली.

“शिकवतो कशाला, रक्तातच हाय. आणि दाजी, तुम्ही एवढं तोंड पाडू नका. बुलिंग-फिलिंग आत्ता निघालं. आमच्या वेळेला याला शाळाच म्हणायचे.”

मला हे सगळं आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणालातरी घाबरवत होते आणि त्यासाठी काही करावंही लागत नव्हतं. मनात मी रोज खरं सांगायची वाक्यं जुळवायचे, इंग्रजीत, व्यवस्थित, अर्धविरामांसकट. पण ते सांगितलं की मम्मीचं ते नवं हसू जाणार होतं आणि त्या जागी पुन्हा ‘येतं हो, सगळं येतं’ येणार होतं. आणि आता त्यात भर म्हणून, ‘तिला सगळे हसतात’ हेही.

शुक्रवारी संध्याकाळी मम्मीनं बेसन भाजायला घेतलं. माफी मागायला मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून त्या छळलेल्या मुलीसाठी लाडू. बेसन भाजताना मम्मीला हाक मारायची नाही हा घरचा नियम, कारण हात थांबला की खाली लागतं. मी ओट्याजवळ वेलदोडे सोलत बसले. तुपाचा वास सगळ्या गल्लीत गेला होता. कढईत उलथनं खरवडता खरवडता मम्मी स्वतःशीच बोलायला लागली.

“कोण असेल बाई ती. कोणाची तरी एकुलतीच असेल. डबा तरी खात असेल का नीट? आणि आईला काही सांगत नसेल, बघ. अशा मुली सांगत नाहीत.” तिनं पदरानं डोळे पुसले. “आईला कळायला नको का पण? कशी काय कळत नाही आईला?”

माझ्या हातातला वेलदोडा सोलून झाला होता तरी मी तो सोलत राहिले. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. पण बेसनाचा रंग नेमका तेव्हाच बदलायला लागला आणि मम्मी म्हणाली, “सरक, सरक, साखर आण.”

शनिवारी पप्पांनी लग्नातला शर्ट घातला. शाल्मली मिसच्या खोलीत खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, म्हणजे कोणी कोणाच्या समोर नाही आणि कोणी कोणाच्या वर नाही. तेही नियमावलीत होतं. तनिष्का आधीच बसली होती, मान खाली, युनिफॉर्मच्या पट्ट्याशी खेळत. तिच्या एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला वडील. त्यांचं हायवेला टायरचं मोठं दुकान होतं, आणि माणूसही तसाच, गोल, भरलेला, मनानं सैल. आम्ही आत शिरलो तेव्हा तनिष्काच्या आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, जपून, जसा आजारी मुलीच्या पाठीवर ठेवतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं. यांनाही तोच मजकूर गेला होता. आमच्याकडे शाळेनं बोलावलं म्हणजे चूक आपलीच, आणि यांच्याकडे शाळेनं बोलावलं म्हणजे आपल्या पोरीला कोणीतरी त्रास दिला. एका मजकुराचे दोन घरांत दोन अर्थ निघाले होते.

शाल्मली मिस म्हणाल्या, “सगळ्यांचं स्वागत. आज आपण इथे कोणालाही दोष द्यायला जमलेलो...”

“चुकलं आमचं,” पप्पा उभे राहून म्हणाले.

“सर, एक मिनिट...”

“नाही मॅडम, तुमचा मोठेपणा आहे. पण आम्ही मान्य करतो. पूर्णपणे मान्य करतो.” त्यांनी दोन्ही हात जोडले आणि टायरवाल्यांकडे वळले. “साहेब, मुलीच्या वतीनं मी माफी मागतो. असं परत होणार नाही. कारण आम्ही शोधतोय.”

मम्मीनं लाडवांचा डबा पुढे केला. तनिष्काच्या आईनं तो घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, “बघितलं? मी म्हणत नव्हते? मेसेज आल्यापासून पोरगी धड जेवली नाही. विचारलं तर सांगेना.” तनिष्काची मान आणखी खाली गेली. ती का जेवत नव्हती हे त्या खोलीत आम्हा दोघींना आणि शाल्मली मिसनाच माहीत होतं.

शाल्मली मिसची अवस्था बघण्यासारखी होती. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांचेच नियम त्यांना बोलू देत नव्हते. त्या एकदा “पालकहो, कदाचित थोडा गैरसमज...” म्हणाल्या, एकदा “घटनेतल्या दोन्ही विद्यार्थिनी...” म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा पप्पा “हो मॅडम, बरोबर आहे मॅडम” म्हणत आणखी वाकले. मिसच्या कानातले डूल गदागदा हलत होते. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या आणि जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाल्या, “केतकी, तुला तुझ्या शब्दांत काही सांगायचंय का?”

“ती बोलत नाही हो फारशी,” मम्मी घाईनं म्हणाली.

तनिष्काचे वडील खुर्चीतून पुढे झुकले. रागावलेले नव्हतेच ते. उलट फार प्रेमानं म्हणाले, “बेटा, जाऊ दे. लहान आहेस. फक्त एक लक्षात ठेव, आपण मजेत बोलून जातो, पण समोरच्याला काय वाटतं त्याचा विचार करायचा. काय?”

अक्षर अन् अक्षर खरं होतं. फक्त खुर्ची चुकली होती. मी तनिष्काकडे पाहिलं. तिनं पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, चेष्टा नव्हती, फक्त भीती होती, की मी आता बोलेन. आणि त्याच्या खालोखाल एक खात्री, की मी बोलणार नाही. ती खात्री मला ओळखीची होती. ती माझ्या घरच्यांच्या, माझ्या मिसच्या, सगळ्या वर्गाच्या चेहऱ्यावर मी पाहिली होती. आरशातही.

“सॉरी म्हण, बेटा,” पप्पा म्हणाले. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. घाम येऊन त्या शर्टाची पाठ अंगाला चिकटली होती. कंपनीत ते अशी माफी कितीदा मागत असतील, ते मला ठाऊक नव्हतं, पण तिथे निदान एखादा खराब भाग तरी समोर टेबलावर असायचा. इथे मी सॉरी म्हणेपर्यंत ते हात खाली घेणार नव्हते, आणि मी गप्प राहिले असते तर ते तसेच उभे राहिले असते.

मनात नेहमीसारखं इंग्रजी वाक्य जुळायला लागलं होतं. ते अर्ध्यावरच सोडून मी उभी राहिले. आवाज इतका मोठा निघाला की बाहेर व्हरांड्यात झाडणाऱ्या मावशींचा झाडू थांबला.

“पप्पा, हात खाली घ्या. माफी आपण मागायची नाहीये. हिनं मागायचीय. माझी.”